रीअ‍ॅडमिशनच्या पत्रात माफी किती मागायची?

"मॅडम, कॉलेजने नाव काढलंय, परत घ्या म्हणून पत्र लिहायचंय पण काय लिहू तेच सुचत नाही." रिझल्ट लागले की हे इतक्या मुलांकडून ऐकते की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

एक मुलगा आला होता (ओळख पटेल असं काही देत नाहीये). बॅकलॉग साचलेले, अटेंडन्स नाही. मोबाईलवर पत्र टाईप करून आणलेलं, त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती माफी. मी नालायक ठरलो, घरच्यांचा विश्वास तोडला, प्लीज एक चान्स द्या. मी म्हटलं, समज परत घ्यायचं की नाही ठरवणाऱ्या कमिटीत तू बसलायस आणि हे पत्र तुझ्यापुढे आलंय, तुला काय कळलं?

"याला खूप वाईट वाटतंय."

"अजून?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "काहीच नाही. हा कॉलेजला का येत नव्हता ते पण नाही."

मग हळूहळू बाहेर आलं. एका विषयात नापास झाला, वर्गात तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून दांडी, मग असाइनमेंट राहिल्या, त्यामुळे अजून लाज, शेवटी कॉलेजचे मेल उघडणंच बंद. मी विचारलं, "नालायक माणसाला कमिटीने का घ्यावं?" तो पत्राकडे बघतच राहिला आणि म्हणाला, "मी माझ्याच विरुद्ध लिहिलंय."

मला त्या पूर्ण कामात हीच जागा सगळ्यात मोलाची वाटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस हेच सांगायचे की वागण्याला चूक म्हणा, अख्ख्या माणसाला मार्क देऊ नका. स्वतःला शिव्या देणारा मुलगा कारण शोधतच नाही, आणि कमिटीला नेमकं तेच हवं असतं: काय झालं आणि आता काय वेगळं आहे.

म्हणून माफी एकदाच, एका वाक्यात. पत्र शक्यतो एका पानाचं, वर नाव, रोल नंबर, कोर्स, कुठल्या सेमिस्टरला परत यायचंय ते. काय झालं ते महिन्यांसकट, सरळ. आजारपण असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा, खाजगी सगळं उघडं करायची गरज नाही. शिक्षकांवर ढकलू नका. 'खूप मेहनत करेन' यापेक्षा आत्तापर्यंत काय सुरू केलंय ते लिहा, कुठला बॅकलॉग आधी काढणार, अडलं तर कोणाला विचारणार. आणि पत्र आईबाबांनी लिहून देऊ नये, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

त्याने नंतर आणलेल्या पत्रात 'नालायक' कुठेच नव्हतं, लाजेमुळे वर्ग टाळला हे मात्र स्वच्छ लिहिलेलं, आणि त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं याचा मला खरंच आनंद झाला. त्याला अटींवर परत घेतलं.

लिहायला बसण्याआधी ऑफिसमधून शेवटची तारीख आणि ठरलेला फॉर्म आहे का ते विचारून घ्या, पत्र दिल्याची पोच घ्या, आणि नकार आला तर कारण आणि परत अर्ज कधी करता येईल हे लेखी मागा.