दंश किती वाजता, दवाखाना किती वाजता?

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

सर्पदंश जनजागृतीचा तुझा अहवाल रात्री वाचून काढला. गावांची यादी आहे, उपस्थितीचे आकडे आहेत, फोटो तर ढीगभर, आणि अभिप्रायाच्या वहीत पानोपानी 'खूप छान माहिती मिळाली'. पैसे देणारे खूश होतील. मला मात्र एवढंच कळलं, की लोक आले होते.

रागावू नकोस. असा अहवाल मीही लिहिलाय. तेव्हा मी कोकणात गावोगाव पिशवीतून जिवंत नाग घेऊन हिंडायचो. नागाने फणा काढला की शाळेचं पटांगण श्वास रोखायचं, आणि मला वाटायचं, जिंकलं! (वन्यजीव कायदा १९७२चा, पण तेव्हा तो आम्ही कुठे मनावर घेत होतो.) पुढच्या पावसाळ्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बसलो असताना एका मुलाला उचलून आणलं. मांडीला नायलॉनची दोरी करकचून बांधलेली, पोटरीवर ब्लेडची चीर. वडील म्हणाले, "सर, तुमच्या कार्यक्रमाला आम्ही पुढेच बसलो होतो की!" दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, हे मी घसा फोडून सांगितलं होतं. त्यांच्या लक्षात राहिला तो नाग. आणि पोरगं फुरसं, म्हणजे विषारी सापच, काठीने दाबायला गेलं होतं, माझ्यासारखं. कार्यक्रमाचा परिणाम झाला होता, फक्त तो मोजायला माझ्या वहीत रकाना नव्हता.

म्हणून अभिप्रायाची वही बाजूला ठेव आणि केसपेपर बघ. वैद्यकीय अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी काढ, रुग्णांची नावं उतरवू नकोस. चारच गोष्टी टिपायच्या: दंश किती वाजता, दवाखान्यात किती वाजता, आवळून काही बांधलं होतं का, आधी मांत्रिकाकडे नेलं होतं का. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं. काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करून पाहायचं, इतकी साधी तपासणी आहे. मण्यार तर रात्री झोपेत चावते, सूज नाही, फारसं दुखत नाही, आणि श्वास बंद पडायला लागतो. प्रतिविष वेळेत मिळण्यावर सगळं अवलंबून. तेव्हा तुझ्या कार्यक्रमाने काही साधलं असेल, तर ते या दोन वेळांमधल्या अंतरात दिसेल.

दिसलं तरी लगेच हुरळू नकोस. २०१४मध्ये १०८ची रुग्णवाहिका राज्यात सुरू झाली. त्यानंतर अंतर कमी झालं असेल तर श्रेय तुझ्या भाषणाचं की गाडीचं? मधल्या काळात ओढ्यावर पूलही झाला असेल. त्यासाठी जिथे तू गेली नाहीस अशी शेजारची दोन-तीन गावंही त्याच रजिस्टरमधून काढ. उलट केंद्रात सर्पदंशाच्या नोंदी वाढल्या म्हणून घाबरूही नकोस. एरवी घरीच राहिली असती ती माणसं आता येत असतील. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यांत, घरीच. त्यांचा केसपेपर कधी निघालाच नाही.

गावात विचारायचं तेही जपून. "मांत्रिकाकडे जाल का?" असं विचारलंस की सगळे "छे छे" म्हणणार, तुझ्या हातात कागद आहे ना! त्यापेक्षा ओटीवर चहा घेता घेता विचार, "मागे कुणाला पान लागलं होतं तेव्हा काय काय झालं?" (पान लागणं म्हणजे साप चावणं.) मग कळेल. गाडी कुणाची मागितली, पैसे कुठून आणले, सासूबाई काय म्हणाल्या. पुष्कळदा माहिती असते, पण रात्री दोन वाजता जीप नसते. तसं निघालं तर तेही अहवालात लिही, देणगीदारांना आवडो न आवडो. घरात झोपायला खाट किती जणांना आहे, टॉर्च कुठे टांगलेली असते, हे तर न विचारता दिसतं.

पुढचा कार्यक्रम ठरवण्याआधी, मे संपायच्या आत, मागच्या दोन वर्षांच्या नोंदी उतरवून घे. एकदा पाऊस लागला की तिथल्या सिस्टरना डोकं वर काढायला फुरसत नसते.

तुझा,
सर