तुझी कॉपी कोण तपासणार, ते आधी विचार

प्रश्न : ताई, नमस्कार. मी उदगीर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. यंदा बारावी आर्ट्स झाले, ७८ टक्के मिळाले. मला बातमीदार व्हायचंय. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात पत्रकारितेची पदवी आहे. तिथला स्टुडिओ बघून मी हरखून गेले, पण फी वर्षाला साडेतीन लाख आहे. बाबा म्हणतात, दोन एकर विकू, पण तू शीक. मामा म्हणतो, मुंबईला बीएमएम, म्हणजे माध्यमांची पदवी कर. आमचे सर म्हणतात, आधी साधं बी.ए. कर. माझं इंग्रजी बेताचंच आहे. कुठे प्रवेश घेऊ?

उत्तर : आधी जमिनीचं बोलते. जमीन विकू नका. बाबांची माया मला कळते, पण तीन वर्षांची नुसती फीच साडेदहा लाख होते. पुण्यात राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा. जिल्हा आवृत्तीत नव्याने लागलेल्या बातमीदाराच्या पगारातून एवढी रक्कम भरून निघायला फार वर्षं लागतात. तालुक्याच्या कितीतरी वार्ताहरांना पगार असा नसतोच, थोडं मानधन आणि जाहिरातींवरचं कमिशन यावरच त्यांचं भागतं. या धंद्यात शिरणाऱ्या मुलीच्या डोक्यावर कर्ज नसावं, असं माझं ठाम मत आहे. हप्ते थकलेला बातमीदार पुढाऱ्याला नको तो प्रश्न विचारायला कचरतो, हे मी वृत्तपत्राच्या संपादकीय डेस्कवर बसून पाहिलेलं आहे.

आता स्टुडिओ. प्रवेशाच्या दिवसांत तो सगळ्यांनाच दाखवतात. तू एवढंच विचार : पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हातात कॅमेरा आठवड्यातून किती तास येतो? आणि मग तिसऱ्या वर्षाची दोन-तीन मुलं कॅन्टीनमध्ये गाठून हाच प्रश्न त्यांनाही विचार. दोन्ही उत्तरं जुळली तर ठीक.

पण कॅमेऱ्याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. तू लिहिलेली बातमी तिथे कोण तपासणार? आठवड्याला किती कॉप्या, म्हणजे बातम्यांचे मजकूर, लिहून घेतात आणि त्या लाल शाईने रंगून परत येतात का? मुलांनी काढलेल्या प्रायोगिक वृत्तपत्राचे मागचे चार अंक बघायला माग. सगळे अंक स्नेहसंमेलन आणि पाहुण्यांच्या भाषणांनीच भरलेले असतील, तर त्या मुलांना कॉलेजच्या फाटकाबाहेर कुणी पाठवलेलंच नाही, असं समज.

कॉपी तपासणं म्हणजे काय, ते दाखवते. नवखी मुलं बहुतेक वेळा असं लिहून आणतात : ‘तालुक्यातील पाणीटंचाईबाबत आढावा बैठक तहसील कार्यालयात नुकतीच संपन्न झाली. यावेळी मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित होते.’ मी आधी ‘नुकतीच’खाली रेघ मारते. कधी झाली? मग ‘मान्यवर’. कोण? ‘संपन्न’ सरळ खोडते. आणि समासात लिहिते : टँकर किती गावांना मंजूर आहेत, प्रत्यक्षात किती गावांत पोचतात? खेपांची नोंदवही बघितलीस का? तिच्यावर सही कुणाची आहे? मुलगी परत जाते, ग्रामपंचायतीत बसून नोंदवही बघते. वहीत रोजच्या दोन खेपा लिहिलेल्या, आणि हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका सांगतात, एकच येते. बैठकीची बातमी तिथेच गळून पडते आणि खरी बातमी सुरू होते. असा समास भरून देणारा एक मास्तर जिथे असेल, ते कॉलेज पत्र्याच्या शेडमध्ये असलं तरी चालेल.

मामांच्या सल्ल्याविषयी. मुंबई विद्यापीठाच्या बीएमएमचं नाव २०१९-२० पासून बीएएमएमसी झालंय. त्यात पहिली दोन वर्षं सगळ्यांना सारखंच शिकवायचे आणि तिसऱ्या वर्षी पत्रकारिता की जाहिरात हे निवडायचं, अशी रीत होती. नव्या शैक्षणिक धोरणामुळे विषयांची मांडणी बदलते आहे, म्हणून यंदाचा अभ्यासक्रम छापील मागून घे. पत्रकारिता निवडणारी मुलं मागच्या वर्षी किती होती, हे तर विचारच, कारण बरीच मुलं जाहिरातीकडे वळतात. पार्ल्याच्या साठ्येसारख्या कॉलेजात हा अभ्यासक्रम मराठीतूनही शिकवला गेला आहे. मराठी तुकडी यंदा भरणार आहे का आणि उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, हे कॉलेजच्या कार्यालयातून पक्कं करून घे. अनुदानित कॉलेजातही हा वर्ग बहुधा विनाअनुदानित असतो, त्यामुळे फी बी.ए.पेक्षा जास्त पडते. शिष्यवृत्तीसाठी हा कोर्स राज्य सरकारच्या महाडीबीटी या वेबसाइटवर आहे का, ते पैसे भरण्याआधी बघ.

तुझी जी परिस्थिती आहे, तीत मी तुझ्या सरांच्या बाजूने आहे. उदगीर किंवा लातूरला अर्थशास्त्र नाहीतर राज्यशास्त्र घेऊन बी.ए. कर. बातमी कशी लिहायची हे पुढेही शिकता येईल. पण जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक वाचायचं, सोयाबीनचा भाव हमीभावाखाली का गेला हे समजून घ्यायचं, तर विषय पक्का लागतो, आणि त्याला ही तीन वर्षं लागतील. पदवीनंतर दारं बरीच आहेत. पुण्याला फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा विभाग आहे, तुला जवळ नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचं माध्यमशास्त्र संकुल आहे. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेच्या केंद्रात मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. कुठल्याही शाखेची पदवी घेऊन तिथे जाता येतं.

मधल्या तीन वर्षांत नुसतं वर्गात बसू नकोस. गावच्या प्रत्येक ग्रामसभेला जा. ठरावाच्या नकला माग, मिळाल्या नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज कर. महिन्याला एक बातमी लिहून जिल्हा आवृत्तीला पाठव, आणि छापून आली की तुझी मूळ कॉपी शेजारी ठेवून काय काय कापलंय ते बघ.

इंग्रजीला घाबरू नकोस, पण तिला टाळूही नकोस. उच्च न्यायालयाचे निकाल, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल बरेचदा इंग्रजीत हाती पडतात. रोज एक अग्रलेख शब्दकोश जवळ घेऊन वाच. फाडफाड बोलता आलं नाही तरी बिघडत नाही, वाचलेलं नेमकं कळलं पाहिजे.

प्रश्न : आमच्या शहरात एक संस्था सहा महिन्यांच्या पत्रकारिता पदविकेबरोबर ‘प्रेस कार्ड’ देते. ते घेतलं तर उपयोग होईल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. सरकारी अधिस्वीकृतीपत्रिका, म्हणजे सरकारमान्य पत्रकाराचं कार्ड, राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून मिळते. तीही काम करणाऱ्या पत्रकाराला, समितीने अर्ज तपासल्यावर. बातमीदाराचं ओळखपत्र तुम्ही ज्या वृत्तपत्रात किंवा वाहिनीत काम करता, ती संस्था देते. कुठल्याही कोर्सबरोबर यातलं काहीच येत नाही. ती पदविका कुठल्या विद्यापीठाशी संलग्न आहे, ते संस्थेला लेखी विचारा. उत्तर तोंडीच मिळत असेल तर पैसे भरू नका.