गोव्याचा लघुपट टोरोंटोला निघतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न

परदेशातल्या दक्षिण आशियाई चित्रपट महोत्सवांविषयी गोव्यातून बरीच पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न (फोंडा) : आमचा १८ मिनिटांचा कोंकणी लघुपट तयार आहे, त्यात थोडे मराठी संवादही आहेत. दक्षिण आशियाई महोत्सवांना तो पाठवायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

आधी महोत्सवांची जात ओळखा. २००४ पासून पणजीत भरणारा इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, सगळ्या जगाचे सिनेमे घेतो, आणि त्यात इंडियन पॅनोरमा हा भारतीय चित्रपटांचा वेगळा विभाग असतो. दक्षिण आशियाई महोत्सव आपल्या लोकांची वस्ती मोठी आहे अशा शहरांत भरतात. लॉस एंजेलिसचा भारतीय चित्रपट महोत्सव २००३ पासून आहे, लंडनचा २०१० पासून. टोरोंटोला इफ्सा आहे, सिएटलला तस्वीर. काठमांडूचा फिल्म साउथएशिया १९९७ पासून चालतो, पण तो माहितीपटांचा आहे. कथा-लघुपट तिथे पाठवण्यात अर्थ नाही. मुंबईच्या मामी महोत्सवानेही २०२३ मध्ये आपला भर दक्षिण आशिया आणि परदेशस्थ दक्षिण आशियाईंच्या सिनेमावर वळवला.

नावात 'भारतीय' आहे की 'दक्षिण आशियाई', याने फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात तुमच्याच रांगेत पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंकेचे लघुपट उभे असतात, आणि कॅनडातल्या ब्रॅम्प्टन किंवा इंग्लंडमधल्या लेस्टरला वाढलेल्या मुलांचेही. अशा ठिकाणी 'गोव्याचे निसर्गसौंदर्य' या भांडवलावर निवड होत नाही. एका गावातली, एका घरातली नेमकी गोष्ट मात्र उठून दिसते.

लघुपट एकेकटे दाखवत नाहीत. पाच-सहा जोडून ८० ते १०० मिनिटांचा एक खेळ करतात. म्हणून १० मिनिटांचा लघुपट कुठेही बसतो, आणि २८ मिनिटांच्या लघुपटाला दोघांची जागा लागते. तुमची १८ मिनिटे चालतील, पण सुरुवातीला संस्थेचे बोधचिन्ह, देवाचे स्मरण आणि आभार यांत दीड मिनिट जात असेल तर ते सगळे शेवटी न्या. निवड करणारे एका बैठकीत कितीतरी लघुपट बघतात.

बहुतेक महोत्सव फिल्मफ्रीवे या संकेतस्थळावरून प्रवेशिका घेतात. तिथे एकदाच नीट माहिती भरा : दोन वाक्यांचा सारांश, दिग्दर्शकाची ओळख, पडद्यावर शोभेल असे एक छायाचित्र, भाषा, पूर्ण झाल्याची तारीख. मुदतीचे तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला फी चढते, त्यामुळे पहिल्याच टप्प्यात पाठवा. आपल्या बँक कार्डावर परदेशी व्यवहार सहसा बंद ठेवलेले असतात. ते अॅपमधून आधी सुरू करून घ्या, नाहीतर शेवटच्या रात्री पैसे अडकतात. लघुपट विमिओ या व्हिडिओ संकेतस्थळावर पासवर्ड घालून ठेवा आणि तो पासवर्ड निकाल लागेपर्यंत बदलू नका. सुधारित प्रत घालायची झाली तर तिथे दुवा तोच ठेवून फाइल बदलता येते.

एक इशारा. दर महिन्याला निकाल लावणारे, शंभरेक पुरस्कार वाटणारे आणि एकही चित्रपटगृह नसलेले 'महोत्सव' इंटरनेटवर पुष्कळ आहेत. गेल्या वर्षीचे वेळापत्रक, चित्रपटगृहाचे नाव आणि निवड करणाऱ्यांची नावे दिसत नसतील तर फी भरू नका.

प्रश्न (मडगाव) : आमच्या सिनेमात घरात कोंकणी, आजीच्या तोंडी पोर्तुगीज, शाळेत मराठी आणि फोनवर इंग्रजी आहे. इंग्रजी उपशीर्षके कशी करावीत?

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या, कारण परदेशी निवड समिती तुमचे संवाद उपशीर्षकांतूनच ऐकणार आहे. चित्रीकरणावर लाखभर खर्च करायचा आणि उपशीर्षके मित्राकडून एका रात्रीत उरकायची, हे आपल्याकडे फार होते आणि त्यात चांगले लघुपट मार खातात.

मोजमाप सोपे आहे. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण ४२ अक्षरे. वाचण्याचा वेग सेकंदाला सुमारे १७ अक्षरे धरा, म्हणजे एका भरलेल्या ओळीला अडीच सेकंद आणि दोन ओळींना पाच सेकंद लागतात. एक सेकंदापेक्षा कमी आणि सात सेकंदांपेक्षा जास्त काहीही ठेवू नका. दोन उपशीर्षकांमध्ये किमान दोन फ्रेमचे अंतर सोडा, नाहीतर मजकूर बदललेला डोळ्याला कळत नाही. पात्र भरभर बोलत असेल तर संवाद आखडता घ्यावा लागतो. शब्दाला शब्द भाषांतर तिथे बसतच नाही.

अनुवादकाला संवादांची वही देऊन भागत नाही, त्याने चित्र पाहिले पाहिजे. आपल्याकडचे काही शब्द फार दगा देतात. 'मुंडकार'साठी इंग्रजीत भाडेकरूचा शब्द घातला की सगळी गोष्टच कोसळते. मुंडकार भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहतो, आणि त्याला घराबाहेर काढता येऊ नये म्हणून गोव्यात १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. भाड्याच्या फ्लॅटचे भांडण आणि हे भांडण यांचे वजन एक नव्हे. पहिल्या उल्लेखाला 'दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा' असा अर्थ पोचवा आणि पुढे मूळ शब्दच ठेवा. 'राखणदार' (गाव राखणारा देव), 'पात्रांव' (मालक), 'पोदेर' (पाववाला) यांनाही हेच लागू. 'बाय' म्हणून हाक मारली तर तिची बहीण करू नका.

रोमी लिपीतल्या (रोमन अक्षरांत लिहिलेल्या) कोंकणीतला एक्स आपण 'श' वाचतो, परदेशी प्रेक्षक तो 'क्स' वाचणार. सामान्य शब्द उच्चाराप्रमाणे लिहा, पण माणसाच्या नावाचे स्पेलिंग तो माणूस जसे लिहितो तसेच ठेवा.

चार भाषांना चार रंग देऊ नका. भाषा बदलणे हाच जिथे प्रसंगाचा मुद्दा आहे (आजी नातवाला कळू नये म्हणून पोर्तुगीजमध्ये बोलते, समजा) तेवढीच वाक्ये तिरप्या अक्षरांत ठेवा. इंग्रजी संवादांनाही उपशीर्षके द्या. अक्षरे पांढरी असोत, पण त्यांना काळी बारीक कडा हवीच. चुन्याची भिंत, चर्चचा दर्शनी भाग, किनाऱ्यावरची वाळू यांवर नुसती पांढरी अक्षरे विरून जातात. शेवटी दोन प्रती करा : एक उपशीर्षके छापलेली, दुसरी कोरी, सोबत एसआरटी फाइल, म्हणजे वेळांसह उपशीर्षकांचा मजकूर. माँट्रियलला कोणी फ्रेंच उपशीर्षके करू म्हटले तर कोरी प्रतच लागते.

प्रश्न (म्हापसा) : निवड झाली, आता डीसीपी मागतात. लॅपटॉपवर सुंदर दिसणारा आणि ऐकू येणारा सिनेमा मोठ्या पडद्यावर बिघडतो असे ऐकले. का?

डीसीपी म्हणजे चित्रपटगृहाचा सर्व्हर वाचतो ते पॅकेज. डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत सॉफ्टवेअरवर ते घरी करता येते. तुमचे चित्र १९२० बाय १०८० असेल तर ते १९९८ बाय १०८० च्या फ्लॅट चौकटीत बसवा. दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतील, त्या राहू द्या. त्या घालवायला चित्र ताणले की चेहरे रुंद होतात. मूळ रंगपद्धत कोणती ते सॉफ्टवेअरला बरोबर सांगा. चुकले तर काळा रंग दुधाळ दिसतो.

चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेमवर झाले असेल तर आत्ताच बघा. डीसीपीची सगळीकडे चालणारी गती २४ आहे. २५ चे २४ केले की १८ मिनिटांचा सिनेमा १८ मिनिटे ४५ सेकंदांचा होतो आणि आवाजाची पट्टी चार टक्के खाली उतरते. बोलणे जरा जड वाटते, घुमट या मातीच्या वाद्याचा नाद तर लगेच कळतो. स्वर दुरुस्त करून घ्या. पुढच्या वेळी कॅमेरा पहिल्या दिवसापासून २४ वर ठेवा.

खरा घात आवाजात होतो. लॅपटॉपवर, हेडफोन लावून, यूट्यूबच्या मापाने मिश्रण केलेले असते. तो आवाज चित्रपटगृहात फार मोठा येतो. मग चालक आवाज खाली करतो, आणि त्याबरोबर कुजबुज, पावलांचा आवाज, रात्रीचे किडे सगळे नाहीसे होते. दुसरी चूक म्हणजे दोनच वाहिन्यांचा आवाज. संवाद डाव्या-उजव्या ध्वनिक्षेपकांतून येतात, त्यामुळे कडेला बसलेल्या प्रेक्षकाला पात्र पडद्याबाहेरून बोलल्यासारखे वाटते. ५.१, म्हणजे सहा वाहिन्यांचे, मिश्रण करून संवाद मधल्या वाहिनीत ठेवा. पैसे कमी असतील तर रंगसंस्कारातले काढा आणि मिश्रणाच्या खोलीत दोन दिवस घ्या. हा आमचा ठाम सल्ला आहे.

१८ मिनिटांचा डीसीपी सेकंदाला १०० मेगाबिट या दराने केला तर सुमारे साडेतेरा जीबी होतो. २५० च्या कमाल दराने चौतीसच्या आसपास. घरच्या जोडणीचा अपलोड वेग १० मेगाबिट असेल तर साडेतेरा जीबी चढायला तीन तास लागतात, तेही मध्ये वीज गेली नाही तर. पावसाळ्यात दोन दिवस हाताशी ठेवा. लघुपटाला कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, घालू नका. ते उघडणारी किल्ली ठरावीक वेळेपुरती आणि ठरावीक सर्व्हरपुरती असते, त्यातले काही चुकले तर पडदा काळाच राहतो. पाठवण्याआधी जवळच्या मल्टिप्लेक्सला विचारून सकाळच्या पहिल्या खेळाआधी तासभर भाड्याने घ्या आणि पूर्ण लघुपट शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत बघा.

प्रश्न (पेडणे) : गावच्या लोकांना दाखवायला आम्ही लघुपट यूट्यूबवर टाकला होता. आता काढला तर चालेल का?

काढा आणि अर्जात खरे लिहा. जे महोत्सव पहिल्या प्रदर्शनाची अट घालतात तिथे दार बंद झाले. अनेक दक्षिण आशियाई महोत्सव लघुपटांसाठी फक्त आपल्या शहरात किंवा देशात आधी न दाखवल्याची अट ठेवतात, पण इंटरनेटवर सर्वांसाठी खुला असलेला सिनेमा त्यातही अडतो. गावाला देवळाच्या मंडपात दाखवला असता तर बहुधा काहीच बिघडले नसते.

प्रश्न (वास्को) : मावशीची मुलगी इंग्लंडमध्ये स्विंडनला असते, पासपोर्ट पोर्तुगालचा आहे. तिने केलेला लघुपट दक्षिण आशियाई धरतील का?

बहुतेक ठिकाणी हो. तिथे दिग्दर्शकाचे मूळ किंवा कथेचा विषय बघतात, पासपोर्ट नाही. गोवा, पूर्व आफ्रिका, लिस्बन, स्विंडन असा प्रवास अर्जात दोन वाक्यांत लिहावा. निवड करणाऱ्याला तो आपोआप कळत नाही. इंडियन पॅनोरमासाठी मात्र निर्मिती भारतीय असावी लागते.

प्रश्न (कुंकळ्ळी) : शेवटच्या प्रसंगात जुन्या रेकॉर्डवरचा मांडो (गोव्याचे कोंकणी गीत) वापरला आहे. मांडो पारंपरिक, मग परवानगी कशाला?

इथे दोन वेगळे हक्क आहेत. रचनेचा हक्क भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. मांडो पारंपरिक वाटतो, पण पुष्कळ मांड्यांचे रचनाकार माहीत आहेत. ते जाऊन ६० वर्षे झाली आहेत का ते बघा. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो प्रकाशनानंतर ६० वर्षे. १९७५ ची रेकॉर्ड असेल तर रचना मोकळी असूनही रेकॉर्ड मोकळी नाही. सोपा मार्ग म्हणजे गावातल्या गायकांकडून, घुमट आणि व्हायोलिनवर, तोच मांडो नव्याने मुद्रित करून घेणे. प्रत्येकाची लेखी संमती घ्या आणि त्यात 'जगभर, सर्व माध्यमांत' हे शब्द असू द्या. तावेर्नात (दारूच्या गुत्त्यात) मागे वाजणारा रेडिओही याच नियमात येतो. फक्त महोत्सवांपुरती परवानगी स्वस्त मिळते, पण पुढे वाहिनीने सिनेमा घेतला तर दर पुन्हा ठरवावा लागतो. तो दर आजच लिहून घ्या.

प्रश्न (साखळी) : आमचे मंडळ रवींद्र भवनात दोन दिवसांचा छोटा दक्षिण आशियाई महोत्सव भरवू इच्छिते. काय लागेल?

प्रत्येक सिनेमाच्या हक्कधारकाचे लेखी पत्र, तारीख आणि खेळांची संख्या त्यात हवी. दिग्दर्शकाने फोनवर हो म्हणून चालत नाही, कारण हक्क बहुधा निर्मात्याकडे किंवा वितरकाकडे असतात. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेले, विशेषतः परदेशी, सिनेमे दाखवायचे तर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. त्यासाठी सिनेमांची यादी आणि सारांश लागतात, आणि ही सूट नोंदणी केलेल्या प्रतिनिधींना दाखवण्यापुरती असते. दीड-दोन महिने आधी कामाला लागा, आणि पहिल्या वर्षी प्रमाणपत्र असलेलेच सिनेमे जास्त घ्या.

नाटकासाठी बांधलेल्या सभागृहात डीसीपीचा सर्व्हर असेलच असे नाही, म्हणून दिग्दर्शकांकडून साधी उच्च दर्जाची फाइल मागवा. प्रोजेक्टर ठरवताना पडदा मोजा. सहा मीटर रुंद पडद्याला चित्रपटगृहाइतका उजेड हवा तर सुमारे ३,००० ल्युमेन (उजेडाचे माप) प्रत्यक्ष पडद्यावर पडले पाहिजेत. दिवा जुना असतो, दारांच्या फटीतून उजेड येतो, म्हणून ६,००० चा मागवा. पडद्याची खालची कड पुढच्या माणसाच्या डोक्याच्या वर राहील इतकी उचला, नाहीतर मागच्या रांगांना उपशीर्षकांची खालची ओळ दिसत नाही. सिनेमा इंटरनेटवरून चालवू नका. फाइल लॅपटॉपच्याच डिस्कवर ठेवा, लॅपटॉपची झोप बंद करा आणि दुसऱ्या लॅपटॉपवर तीच प्रत तयार ठेवा. आदल्या संध्याकाळी प्रत्येक सिनेमाची पहिली दोन आणि मधली दोन मिनिटे लावून, शेवटच्या रांगेत बसून, उपशीर्षके वाचून पाहा.