कित्तूरचा थॅकरे आणि कादंबरीकार थॅकरे

प्रश्न : शाळेत राणी चन्नम्मांच्या धड्यात धारवाडचा कलेक्टर थॅकरे भेटला, पुढे बी.ए.ला इंग्रजी कादंबरीकार थॅकरे अभ्यासाला होता, आणि प्रबोधनकार ठाकरे यांचे आडनावही इंग्रजीत तसेच लिहितात. या तिघांचा परस्परांशी काही संबंध आहे का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : पहिल्या दोघांचा आहे, आणि तो रक्ताचा आहे. कित्तूरच्या गादीचे दत्तकविधान अमान्य करून संस्थान ताब्यात घेऊ पाहणारा आणि २३ ऑक्टोबर १८२४ रोजी किल्ल्यासमोरच्या लढाईत मारला गेलेला सेंट जॉन थॅकरे हा कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे यांचा सख्खा काका होता. कादंबरीकाराचे वडील रिचमंड हेही कंपनीच्याच नोकरीत होते. १८११ साली कलकत्त्यात जन्मलेला हा मुलगा कित्तूरच्या लढाईच्या वेळी तेरा वर्षांचा होता व इंग्लंडमध्ये शिकत होता. १८९७ साली विल्यम विल्सन हंटर यांनी भारतातील थॅकरे घराण्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्यात हे नाते स्पष्ट होते.

कलेक्टराच्या नावातील ‘सेंट’ ही संतपदाची उपाधी नसून नावाचाच भाग आहे. आपल्याकडील अनेक पुस्तकांत तो गाळून नुसते ‘जॉन थॅकरे’ असे छापतात, त्यामुळे दोन पुस्तकांतील एकच माणूस वाचकाला दोन वाटू शकतो. मजकुरात केवळ आडनाव असेल, तर सोबतचा हुद्दा आणि साल पाहूनच ओळख पक्की करावी, असे आम्ही आग्रहाने सुचवू. १८४७-४८ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्येही हिंदुस्थानातला एक कलेक्टर आहे, मात्र तो जोस सेडली हे कल्पित पात्र असून त्याचा जिल्हाही कल्पित आहे, त्याला कित्तूरशी जोडण्यास आम्हांला काही आधार दिसत नाही.

प्रबोधनकारांचा प्रश्न वेगळा आहे. केशव सीताराम ठाकरे यांचा या इंग्रज घराण्याशी कोणताही नातेसंबंध नाही. ठाकरे हे मराठी आडनाव आहे. कादंबरीकाराच्या लेखनाविषयी वाटणाऱ्या आदरामुळे त्यांनी आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग तेवढे त्याच्यासारखे केले, असे सांगितले जाते. म्हणून इंग्रजी ग्रंथसूचीत काका, पुतण्या आणि प्रबोधनकार हे तिघेही एकाच अक्षरांखाली सापडतात, मराठी सूचीत मात्र ‘थ’ आणि ‘ठ’ त्यांना वेगळे ठेवतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांवर दिसणारे ‘थॅकर’ हे प्रकाशकाचे नाव निराळे आहे. ते या घराण्याचे नव्हे.

आपण खानापूरचे असल्याने कित्तूर आपल्याला जवळ आहे. तेथील किल्ला पाहिला नसेल तर अवश्य पाहावा, आणि जाताना १८८४ सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील बेळगावचा खंड चाळावा.