आधी नळावर जाऊन बस

प्रिय,

तुझे पत्र दोनदा वाचले. वस्तीतल्या नळकोंडाळ्यामागच्या भिंतीसाठी तू महिनाभर खपून आराखडे केलेस आणि तिथल्या बायकांनी "चित्र राहू द्या, ओटा तेवढा उंच करून द्या" असे सांगितल्यावर "मग यात माझी कला कुठे उरली?" असे मला विचारतेस. पण त्या महिन्यात तू किती पहाटे नळावर बसलीस, हे पत्रात कुठेच नाही. आधी तिथे जाऊन बस.

नवजोत अल्ताफ या मुंबईच्या नावाजलेल्या कलावंत. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या बस्तरमधील कोंडागावला गेल्या आणि राजकुमार कोर्राम, शांतीबाई, गेस्सुराम विश्वकर्मा या तिथल्या कलावंतांबरोबर काम करू लागल्या. हातपंपांभोवती त्यांनी उभारलेल्या 'नलपार'मध्ये भरलेले भांडे मध्येच टेकवून मग डोक्यावर घेता येते आणि सांडपाण्यालाही वाट आहे. त्यातले शिल्प कुठे संपते आणि हंड्याची टेकण कुठे सुरू होते, हे मला सांगता येणार नाही.

मी मात्र अशाच एका भिंतीवर फुटक्या टाइलांचा मोर केला आणि तो नीट दिसावा म्हणून भिंतीलगतचा मोडका कट्टा काढायला लावला. पहाटे साडेचारला पाणी येई, तेव्हा त्याच कट्ट्यावर हंडा टेकवून बायका चुंबळ सारखी करीत. मी नेहमी दुपारी जात असल्याने मला ते कधी दिसलेच नाही. पुढे कोणीतरी मोराच्या पोटाशी दगड रचले आणि हंडे घासून घासून पिसारा निखळला. वस्तीला सौंदर्यदृष्टी नाही, असे मी तेव्हा चारचौघांत बोलून गेलो. मोर चांगला होता, हे मात्र मी आजही म्हणेन. मानेच्या निळ्यासाठी मी दोन महिने भंगारवाल्यांकडे फिरलो होतो. असो.

निधी मार्चअखेर संपवायचा आहे, ही सबब मला सांगू नकोस. ओटा उंच करणे हे गवंड्याचे काम आहे, असे तू लिहितेस. पण किती उंच, हे त्याला कोण सांगणार? कळशी घेऊन येणारी दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीची आजी, दोघींना एकच उंची कशी चालेल? ते कागदावर सुटणार नाही, म्हणून पुन्हा सांगतो, आधी तिथे जाऊन बस.

पाणी किती वाजता येते, ते आजच विचारून घे. जाताना मापाची टेप ने. रंगांचे डबे घरीच राहू देत.

तुझा,
मास्तर