आधी जुन्या साठ्याचा निर्णय लेखी घ्या, यंत्रांचे नंतर बघा

तुमच्याकडे पेयांच्या रिकाम्या बाटल्या व कॅन परत घेऊन, खरेदीच्या वेळी ग्राहकाकडून घेतलेली अनामत फेडण्याच्या सरकारी योजनेची अंमलबजावणी आली आहे, प्रारंभाची तारीख जाहीर झाली आहे, रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रांची मागणीही नोंदवून झाली आहे. मात्र अनामतीचे चिन्ह (बाटलीवर अनामत लागू असल्याची छापील खूण) नसलेला जुना माल दुकानांत कधीपर्यंत विकता येईल, या प्रश्नावर संबंधित विभाग ‘पुढे बघू’ एवढेच म्हणतो, असे तुम्ही लिहिले आहे. अशाच एका योजनेच्या अंमलबजावणीत मी काम केले आहे आणि आम्हाला सर्वांत महाग पडला तो नेमका हाच प्रश्न. अनामत किती असावी, कोणती पेये योजनेत येतात, यंत्र कसे चालते, हे तुम्हाला ठाऊक असणारच, म्हणून त्यात वेळ घालवत नाही.

ज्या कार्यालयाच्या सहीशिवाय आमच्याकडे हा निर्णय होणार नव्हता, त्याचे नाव घेत नाही. प्रत्येक बैठकीत तोंडी आश्वासन मिळे, कागदावर मात्र एक ओळही उमटत नसे. आमचे पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले. एक शाखा म्हणे की हा कराचा विषय आहे, दुसरी म्हणे की हा लेबलांच्या नियमांचा विषय आहे, आणि पोच मागितली की संबंधित अधिकारी दौऱ्यावर असत. इकडे लेबलांची आणि कॅनची छपाई कित्येक महिने आधी ठरवावी लागते. त्यामुळे मोठ्या उत्पादकांनी स्वतःच्या समजुतीनुसार नवी लेबले छापून घेतली, लहान उत्पादक परिपत्रकाची वाट पाहत थांबले आणि आयातदारांनी जुनाच माल भरून ठेवला.

याचा परिणाम दुकानात काय झाला, ते सविस्तर सांगतो. फळीवर एकाच पेयाच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी होत्या. एकीवर अनामतीचे चिन्ह होते, दुसरीवर नव्हते, पण बारकोड दोन्हींवर तोच होता. बिलाच्या काउंटरवरची प्रणाली बारकोड ओळखते, चिन्ह ओळखत नाही, म्हणून तिने दोन्हींवर अनामत लावली. ग्राहक रिकाम्या बाटल्या घेऊन परत आला तेव्हा यंत्राने चिन्ह असलेली स्वीकारली आणि दुसरी बाहेर ढकलली. त्याच्या हातातल्या पावतीवर दोन्ही अनामती स्वच्छ छापलेल्या होत्या. दुकानदाराने पैसे परत दिले तर ते त्याच्या खिशातून जाणार, कारण चिन्ह नसलेल्या बाटलीची भरपाई योजना चालवणारी संचालक संस्था करत नाही. आणि दिले नाहीत तर ग्राहकाच्या लेखी सारी योजनाच फसवी ठरते. दोघांचेही म्हणणे रास्त होते आणि दोघांनाही दाखवायला आमच्याकडे एकही लेखी नियम नव्हता.

संक्रमणाचा काळ लेखी ठरवल्यानेही सगळा गोंधळ टळत नाही, हेही सांगायला हवे. आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारी २०२४ रोजी योजना सुरू झाली आणि चिन्ह नसलेला माल विकण्यास मे महिन्याच्या अखेरीपर्यंत मुभा होती. तरी सुरुवातीच्या आठवड्यांत लोक जुन्या बाटल्या आणून यंत्रांवर वैतागलेच. पण तिथे तारीख ठरलेली होती, त्यामुळे दुकानदाराला निदान बोट दाखवायला काहीतरी होते. जर्मनीत २००३ मध्ये सक्तीची अनामत आली तेव्हा देशभर चालणारी एकच परतावा व्यवस्था नव्हती आणि काही साखळी दुकाने फक्त आपल्याच विशिष्ट आकाराच्या बाटल्या परत घेत. ही पळवाट मे २००६ मध्ये बंद झाली. स्कॉटलंडची योजना ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू व्हायची होती. ती आधी पुढे ढकलली गेली, मग काचेच्या बाटल्या योजनेतून वगळण्यावरून लंडनच्या सरकारशी वाद झाला आणि जून २०२३ मध्ये योजना चालवणारी संस्थाच दिवाळखोरीत जाऊन प्रशासकांच्या ताब्यात गेली. मूलभूत नियम अधांतरी ठेवून तारीख जाहीर करणे मला यामुळेच अक्षम्य वाटते.

माझे स्पष्ट मत असे की अनामत असलेल्या मालाला वेगळा बारकोड सक्तीचा करावा. उत्पादक विरोध करतील, कारण अनेक देशांत एकच बारकोड वापरणे त्यांना स्वस्त पडते. पण जुना बारकोड चालू ठेवला आणि यंत्र केवळ त्याच्यावरच विसंबले, तर ज्यावर कोणी अनामत भरलेलीच नाही अशा बाटल्यांचाही परतावा जाऊ लागतो आणि योजनेचा निधी गळतो. सक्ती शक्य नसेल, तर निदान जुना बारकोड वापरणाऱ्यांकडून जास्त शुल्क घ्यावे.

त्या विभागाला मोघम पत्र लिहू नका. उत्पादकाने चिन्हाविना माल बाजारात आणण्याची शेवटची तारीख, दुकानाने तो विकण्याची शेवटची तारीख, त्यानंतर उरलेल्या मालाचे काय करायचे आणि चुकून आकारलेली अनामत कोणी सोसायची, एवढेच विचारा आणि प्रस्तावित उत्तराचा मसुदा स्वतःच सोबत जोडा, म्हणजे त्यांना फक्त सही करावी लागेल. अनामतीवर विक्रीकर लागतो की नाही, हे कर खात्याकडून स्वतंत्र पत्राने घ्या, नाहीतर बिलाच्या प्रणाली दोनदा बदलाव्या लागतील. मी कायद्याचा जाणकार नाही आणि तुमच्याकडील अधिनियमाची रचना वेगळी असू शकते, तेव्हा मसुदा पाठवण्यापूर्वी विधी सल्लागाराच्या नजरेखालून घाला.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. यंत्र नसलेली छोटी दुकाने रिकामा माल पिशव्यांत भरून मोजणी केंद्राकडे पाठवतील. प्रत्येक पिशवीला क्रमांकाचे सील द्या आणि ती उचलतानाच दुकानदाराला पोच द्या. मोजणीत तफावत आली की वाद होतोच आणि पोच नसेल तर त्यात दरवेळी छोटा दुकानदारच भरडला जातो.