सही तुमची, पण हात आईचे

प्रश्न : माझी आई 78 वर्षांची, निवृत्त शिक्षिका. चार वर्षांपूर्वी डिमेन्शियाचे निदान झाले. घरी मी एकटी, नोकरी करणारी. पहाटे ती दोनदा घराबाहेर पडली, तेव्हा नाइलाजाने तिला कोल्हापूरजवळच्या एका खासगी केअर सेंटरमध्ये ठेवले. महिन्याला 24 हजार रुपये भरते. गेल्या आठवड्यात तिच्या दोन्ही मनगटांवर वळ दिसले. विचारल्यावर कळले, ‘पहाटे चारला उठून गेटकडे जातात, पडतील म्हणून ओढणीने पलंगाला बांधतो. प्रवेशाच्या वेळी तुम्ही संमतीपत्रावर सही केली आहे.’ चाळीस वर्षे ती पहाटे अंबाबाईच्या काकडआरतीला चालत जायची, तिला कोंडलेले सहन होत नाही. पुण्याचा भाऊ खर्चाला पैसे देत नाही, पण आईच्या नावावरचे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले घर विकायला ‘माणसे ओळखते तोवर कुलमुखत्यारपत्रावर तिचा अंगठा घेऊ’ म्हणतो. शेजारी म्हणतात, आईला टाकली. काय करू?

उत्तर : ताई, काकडआरतीची गोष्ट तुम्ही मला लिहिलीत, ती केअर सेंटरवाल्यांना सांगितली आहे का? पहाटे चारला उठून चपला शोधणारी बाई त्यांना पळून जाणारी पेशंट वाटते. आई मात्र त्यांच्या हिशेबाने रोजच्या वेळेला देवळाला निघालेल्या असतात. त्याच वेळी हात बांधलेले सापडले, तर कुणीही ओरडेल. मग ‘त्रास देतात’ अशी नोंद होते.

आता त्या सहीबद्दल. ‘आवश्यक ते उपाय करावेत’ अशा छापील मजकुराखाली केलेली सही म्हणजे रोज रात्री बांधायचा परवाना नव्हे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाचे भान यांतला गंभीर बिघाडही येतो. याच कायद्याचे कलम 97 सांगते, की रुग्णाला किंवा इतरांना होणारी तातडीची इजा टाळण्याचा दुसरा कोणताच मार्ग नसेल तेव्हाच बांधता येते. त्यालाही उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी लागते. कसे बांधले, का बांधले, किती वेळ बांधले, हे लगेच केसपेपरवर लिहावे लागते आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला, 24 तासांच्या आत कळवावे लागते. आईंनी कुणाला नेमले नसेल, तर नातेवाईक म्हणून तुम्ही ती प्रतिनिधी होऊ शकता. केवळ माणसे कमी आहेत म्हणून बांधू नये, हेही कलमात स्पष्ट लिहिले आहे. रात्री एका मावशीवर दहा-बारा म्हातारी माणसे सोपवली, की ओढणी हाताशी येते. त्या मावशीवर माझा राग नाही. महिन्याला 24 हजार घेऊन रात्रपाळीला दुसरे माणूस न ठेवणाऱ्यांना मात्र जाब विचारायलाच हवा.

‘आमचे साधे वृद्धाश्रम आहे, हा कायदा आम्हाला लागू नाही’ असे ते म्हणतील. यावर वाद होऊ शकतो. पण डिमेन्शियाचे रुग्ण म्हणून दाखल करून घेत असतील, तर मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी केली आहे का, हे विचारा. आणि खरोखरच साधे वृद्धाश्रम असेल, तर माणसाला बांधायचा अधिकार त्यांना कोणत्या कायद्याने दिला? अडवून किंवा डांबून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे.

पहिल्याच दिवशी पोलिसांत जा, असे मी म्हणणार नाही. आईंना रात्री तिथेच झोपायचे आहे. वळांचे फोटो तारखेसह ठेवा, सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या डॉक्टरांकडून तपासणी करून लेखी घ्या. त्याच वेळी लघवीची तपासणीही करा; जंतुसंसर्गाने अशा रुग्णांचा गोंधळ एकाएकी वाढतो. मग सेंटरला पत्र द्या : बांधणे आजपासून बंद, केसपेपर व औषधांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती द्याव्यात. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. हात सोडले आणि झोपेची गोळी वाढवली, असे होऊ देऊ नका. मनोविकारावरच्या काही औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून प्रत्येक गोळी कुणी आणि कशासाठी लिहिली ते विचारा. आठ दिवसांत फरक पडला नाही, तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो. पैसे घेऊन दिलेली सेवा असल्याने जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे.

घराच्या बाबतीत भावाला शांतपणे सांगा, की हा अंगठा त्याच्याही कामाचा नाही. करार करताना व्यवहार समजणे आणि त्यातले आपले भलेबुरे ठरवता येणे, दोन्ही लागते. मुलीला नावाने हाक मारली म्हणजे खरेदीखत समजले असे होत नाही. उद्या त्या अगदी शुद्धीत सही करतील असे धरले, तरी मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते संपते. करार कायद्याचे कलम 201 तेच सांगते. त्या कागदावर घर घेणाराही अडचणीत येईल.

आईंच्या उपचारांसाठी घर विकणे खरेच गरजेचे असेल, तर रस्ता उच्च न्यायालयाचा आहे. समज गेलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली पालक नेमण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत. पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागायची. 18 ऑगस्ट 2025 पासून याच न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसते. त्या बेंचसाठी आम्ही वकिलांनी किती वर्षे आंदोलने केली, ते तुम्ही पाहिलेच आहे. अशा घरांसाठीच ते हवे होते. अर्जासोबत तज्ज्ञांचे प्रमाणपत्र, मिळकतीची व खर्चाची यादी आणि भावाचे म्हणणे लागेल. दरम्यान भाऊ ऐकतच नसेल, तर दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकांना वैद्यकीय कागद जोडून लेखी कळवा. नोंदणी थांबेलच असे नाही, पण पुढे दाव्यात ते पत्र उपयोगी पडेल.

खर्चाचे म्हणाल, तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह आणि कल्याण अधिनियम, 2007 खाली करवीरच्या प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात भावाविरुद्ध अर्ज होतो. सध्या मर्यादा महिना 10 हजार रुपयांची आहे. वकिलाची फी झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

आणि शेजाऱ्यांचे बोलणे मनावर घेऊ नका. ज्येष्ठ नागरिकांच्या त्याच कायद्यात आई-वडिलांना टाकून देणे हा गुन्हा आहे, पण तो कायमचे सोडून देण्याच्या इराद्याने वागणाऱ्याला लागतो. ज्या मुलीने मनगटावरचे वळ पाहिले, तिला तो लागत नाही.

पुढच्या भेटीला पत्रासोबत आईंची जुनी चप्पल आणि आरतीचे तबक घेऊन जा. पहाटे चारला त्यांना व्हरांड्यात दोन फेऱ्या मारून आणायच्या आणि देवाच्या फोटोपुढे निरांजन लावू द्यायचे, असे पत्रात शेवटच्या ओळीत लिहा आणि रात्रपाळीच्या मावशींना समोर बसून सांगा.